पनाहीचा 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट': डोळ्यांवर पट्टी होती, मग ओळखायचं कसं?

अनवट

(कथानक शेवटापर्यंत उघड केलंय. ज्यांना इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीचा हा सिनेमा कोऱ्या पाटीनं बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर बोंब मारू नये.)

रात्रीची वेळ. गाडीत नवरा, गरोदर बायको आणि गाण्यावर डोलणारी लहान मुलगी. गाडीखाली कुत्रं येतं. थोडं पुढे गेल्यावर गाडी बंद पडते, म्हणून तो माणूस रस्त्यालगतच्या एका जागी मदत मागायला उतरतो. तिथे काम करणारा वाहिद वरच्या मजल्यावर आहे. त्याला खालून पावलं ऐकू येतात, नकली पायाची करकर, आणि त्याचं अंग गार पडतं. तुरुंगात त्याला पिळून काढणाऱ्या इक्बालचा पाय असाच वाजायचा.

दुसऱ्या दिवशी वाहिद त्या माणसाला व्हॅनमधे कोंबतो, ओसाड माळावर नेतो, खड्डा खणून आत ढकलतो आणि माती लोटायला लागतो. खड्ड्यातला माणूस जिवाच्या आकांतानं सांगतो, मी तो नव्हेच, माझा पाय अलीकडे गेलाय, व्रण बघ हवं तर. वाहिद बघतो आणि गडबडतो. कारण त्यानं इक्बालचा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. आत असताना डोळ्यांवर पट्टी असायची.

मग खात्री करून घ्यायला तो जुन्या कैद्यांना गाठत फिरतो आणि तो माणूस व्हॅनमधल्या पेटीत बेशुद्ध. पुस्तकं विकणारा सालार यात पडायला साफ नकार देतो, फक्त एक नाव सुचवतो. त्या नावाची शिवा लग्नाचे फोटो काढते, आणि ती ज्या नवरीचे फोटो काढत असते ती गोलीही आत जाऊन आलेली. शिवाचा पूर्वीचा जोडीदार हमीद तर पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच गळा धरायला धावतो. शिवा घामाच्या वासावरून ओळखू बघते, हमीद पायाला हात लावून. चेहऱ्यावरून कुणीच नाही.

पनाहीला हे कुणी सांगायला नको. २०१० साली त्याला सहा वर्षं कैद आणि सिनेमे काढण्यावर वीस वर्षांची बंदी अशी शिक्षा झाली. तरी तो सिनेमे काढत राहिला आणि ते देशाबाहेर पोचवत राहिला. जुलै २०२२ मधे रसूलोफ या दिग्दर्शकाला पकडलं, त्याची विचारपूस करायला पनाही गेला आणि त्यालाच आत टाकलं. एविन तुरुंगातून सुटला तो फेब्रुवारी २०२३ मधे, उपोषण सुरू केल्यावर. चौकशीला बसवताना तोंड भिंतीकडे, डोळ्यांवर पट्टी, प्रश्न पाठीमागून. हा माणूस उद्या बाहेर भेटला तर मला कळेल का, हा विचार तिथलाच, असं त्यानं मुलाखतींमधे सांगितलंय. हा सिनेमाही परवानगी न काढता इराणमधे गुपचूप चित्रित केला. पुढचं काम फ्रान्समधे झालं, म्हणून ऑस्करला तो फ्रान्सतर्फे गेला. मे २०२५ मधे कानच्या चित्रपट महोत्सवात पाल्म द'ऑर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. इराणी सिनेमाला ते याआधी एकदाच मिळालं होतं, १९९७ साली पनाहीचे गुरू किआरोस्तामी यांना.

पुरस्कारांचं असू द्या. कुणी याला सूडाची गोष्ट म्हणतंय, कुणी क्षमेची. सूड घ्यायचा की सोडून द्यायचं हे ठरवायला आधी समोर कोण आहे ते ठाऊक हवं ना? ती खात्री कुणाला येत नाही, आणि सिनेमाचा बराचसा वेळ त्यातच जातो. राजवटीनं या लोकांची वर्षं घेतली, वर 'हाच तो' असं छातीठोक सांगायची सोयही ठेवली नाही. पट्टी कैद्याला घाबरवायला असते असं मी आजवर धरून चाललो होतो. पुढेमागे राजवट बदलली, खटले उभे राहिले, तर तेव्हा ती खरी उपयोगी पडते. एकही साक्षीदार चेहरा सांगू शकत नाही. न्यायालयाचं काम मग व्हॅनमधे बसून हे लोक करतात: साक्ष, उलटतपासणी, शिक्षेवरून भांडण, मधेच गाडी ढकलणं.

तुम्हाला काय वाटलं? खात्री पटत नसेल तर त्याला सोडावं का?

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. शेवट मला अजिबात पटलेला नाही, रात्री सविस्तर.

नीरजा_म

छान लिहिलंय, पण विनोदाबद्दल एक अक्षर नाही? लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातली नवरी बंद पडलेली व्हॅन ढकलतेय, नवरदेव बिचारा शेजारी, आणि आत पेटीत माणूस! पार्किंगमधले पहारेकरी चहापाण्याचे पैसे मागतात आणि रोख नाही म्हटल्यावर खिशातून कार्डाचं यंत्र काढतात. आमच्या शोला तिथे एक काका एवढ्या मोठ्यांदा हसले की त्यांच्या बायकोनं त्यांना गप्प केलं.

मग त्या माणसाचा फोन वाजतो. पलीकडे त्याची मुलगी, आई उठत नाहीये म्हणून सांगते. ज्याला पुरायला निघाले त्याच्या बायकोला हे लोक दवाखान्यात पोचवतात, खर्च भरतात. मुलगा होतो तर वाहिद मिठाई आणतो. तो मिठाई मुद्दाम काही दाखवायला आणत नाही. बाळ झालं की मिठाई आणायची असते, म्हणून आणतो.

आणि वाहिद, शिवा हे कुणी मोठे क्रांतिकारक नव्हेत. वाहिद थकलेला पगार मागितला म्हणून आत गेलेला कामगार आहे. मारानं मूत्रपिंड गेलं, म्हणून सतत कमरेवर हात ठेवून चालतो.

कलम_दर_कलम

वाखु (वाचनखूण) साठवली. फौजदारी वकिली करते, त्यामुळे मला हा सिनेमा ओळख परेड कशी करू नये याचा धडाच वाटला.

आपल्याकडे ओळख परेड कार्यकारी दंडाधिकारी घेतात, पोलिसांना खोलीत उभं राहू देत नाहीत. संशयिताच्या बांध्याची, वयाची, रंगाची माणसं त्याच्यासोबत रांगेत उभी करायची. साक्षीदारांना एकमेकांपासून दूर ठेवायचं आणि एकेकाला आत आणायचं. साक्षीदारानं परेडपूर्वी आरोपीला किंवा त्याच्या फोटोला पाहिलं असेल तर बचावाचा वकील तिथेच अर्धा खटला जिंकतो. एवढं करूनही परेड म्हणजे स्वतंत्र पुरावा नव्हे. कोर्टात शपथेवर जे ओळखलं जातं त्याला ती आधार देते, इतकंच.

आता वाहिद काय करतो बघा. तो शिवाकडे जातो तेच मुळी 'इक्बाल सापडलाय' ही बातमी घेऊन. रांग नाही, दुसरी माणसं नाहीत, पेटीत एकच माणूस. शिवा काय म्हणाली ते गोलीसमोर, गोली काय म्हणाली ते हमीदसमोर. हमीदची खात्री इतरांच्या शंकेवर स्वार होते, कारण तो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो. प्रत्यक्ष खटल्यांतही असंच होतं. सगळ्यात ठाम साक्षीदार सगळ्यात बरोबर असतोच असं नाही, पण ऐकणाऱ्यावर छाप त्याचीच पडते.

वास, आवाज, स्पर्श यांवरून ओळख पटवणं आणखी निसरडं. आवाजाच्या ओळखीकडे आपली न्यायालयं फार सावधपणे बघतात. पनाहीनं हे कायद्याचं पुस्तक उघडून लिहिलं असेल असं नाही म्हणत मी. पण पटकथेत त्याच्यासोबत मेहदी महमूदियन आहेत, आणि ते स्वतः वर्षानुवर्षं तुरुंग भोगलेले पत्रकार आहेत. संवादांत ते जाणवतं.

मुक्काम_स्टॉकहोम

हे फक्त सिनेमात होत नाही. आमच्या शहरात हा खटला खराखुरा चालला. भारतात त्याच्या बातम्या फारशा आल्या नसाव्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

१९८८ च्या उन्हाळ्यात, इराण-इराक युद्ध संपता संपता, तिथले सर्वोच्च नेते खोमेनी यांच्या फतव्यानुसार इराणच्या तुरुंगांमधे हजारो राजकीय कैद्यांना फासावर चढवलं. बरेचसे आधीच शिक्षा भोगत होते. कैद्याला तीन-चार जणांच्या समितीपुढे न्यायचं, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि तिथल्या तिथे ठरवायचं. समितीच्या खोलीबाहेरच्या बोळाला कैदी 'मृत्यूचा बोळ' म्हणायचे. तिथे ते पट्टी बांधलेल्या अवस्थेत तासन् तास बसलेले असत.

करजजवळच्या गोहरदश्त तुरुंगात त्या वेळी 'हमीद अब्बासी' नावानं वावरणारा एक अधिकारी होता. नोव्हेंबर २०१९ मधे हमीद नूरी नावाचा इराणी गृहस्थ विमानानं स्टॉकहोमला उतरला आणि पोलिसांनी त्याला विमानतळावरच ताब्यात घेतलं. त्याला इथे यायला भाग पाडेल असा बेत जुन्या कैद्यांनी आखला होता. इराज मेस्दागी या माजी कैद्याचा त्यात मोठा वाटा. गुन्हा इराणमधे घडलेला, आरोपी इराणी, मेलेले इराणी, आणि खटला स्वीडनमधे, कारण काही गुन्ह्यांचा खटला कुठल्याही देशात चालवता येतो असं इथला कायदा मानतो.

अनवट यांचा प्रश्न त्या खटल्यात जसाच्या तसा आला. बचाव असा की तुम्ही भलताच माणूस धरलाय, मी अब्बासी नव्हे, त्या दिवसांत मी रजेवर होतो. आणि साक्षीदारांच्या डोळ्यांवर तर पट्टी होती! साक्षीदारांनी सांगितलं की पट्टीच्या खालच्या कडेनं दिसायचं. कुणी बूट पाहिले होते, कुणी मान वर करून क्षणभर चेहरा. काहींचा त्याच्याशी आधीही संबंध आला होता, पट्टी नसताना. कोर्टानं हे एकेक करून तपासलं. ऑगस्ट २०२१ मधे खटला सुरू झाला, नव्वदहून जास्त दिवस सुनावणी चालली. काही साक्षीदार अल्बेनियात राहतात, तर अख्खं न्यायालय काही दिवस तिकडे ड्युरेस शहरात गेलं. जुलै २०२२ मधे जन्मठेप झाली, अपिलात कायम राहिली.

आणि जून २०२४ मधे स्वीडननं त्याला इराणच्या हवाली केलं. बदल्यात इराणनं पकडलेले दोन स्वीडिश नागरिक सुटले. तेहरान विमानतळावर त्याचं स्वागत झालं. ते दोघे घरी आले याचा इथे सगळ्यांना आनंद होता. साक्षी दिलेल्या लोकांचं त्या दिवशी काय झालं असेल हे मी इथल्या एका इराणी शेजाऱ्याच्या तोंडावर पाहिलंय. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून सिनेमात ते त्याला जाऊ देतात तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

दुसरा_शो

@मुक्काम_स्टॉकहोम, जबरदस्त माहिती. हे स्वतंत्र लेख म्हणून टाका.

खात्रीबद्दल एक उलट उदाहरण. जॉन डेम्यान्युक. अमेरिकेत मोटारीच्या कारखान्यात काम करणारा, युक्रेनहून आलेला माणूस. ट्रेब्लिंका छळछावणीत वायूच्या कोठड्या चालवणारा 'इव्हान द टेरिबल' तो हाच, असं छावणीतून जिवंत सुटलेल्या लोकांनी जेरुसलेमच्या कोर्टात समोरासमोर उभं राहून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती, त्यांनी त्या माणसाला दिवसाउजेडी, महिनोन् महिने पाहिलं होतं. १९८८ साली फाशीची शिक्षा झाली. मग सोव्हिएत दफ्तरं उघडली आणि त्यांत छावणीच्या जुन्या पहारेकऱ्यांचे जबाब निघाले. त्यांनी नाव दिलं होतं इव्हान मार्चेंकोचं. १९९३ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं डेम्यान्युकला सोडलं.

गोष्ट इथे संपत नाही. २०११ साली म्यूनिकला तोच माणूस पुन्हा दोषी ठरला, सोबिबोर या दुसऱ्या छावणीतला पहारेकरी म्हणून. या वेळी भिस्त कागदपत्रांवर होती. अपील चालू असतानाच तो वारला. म्हणजे साक्षीदारांनी माणूस चुकीचा ओळखला आणि माणूस तरीही निर्दोष नव्हता. यावर सिनेमा काढला तर लोक म्हणतील कैच्या कै.

टवाळ

आलो. आता माझी तक्रार.

दीडेक तास तुम्ही आम्हाला टांगून ठेवता: हा तोच आहे की नाही? आणि शेवटी काय करता? त्याला झाडाला बांधता, गाडीच्या लाल दिव्यांच्या उजेडात लांबच लांब एकसलग दृश्य, आणि तो कबूल करतो. हो, मीच इक्बाल, सीरियात पाय गेला वगैरे. झालं! शंका खलास. अवघड प्रश्न सोपा करून टाकला. तो भलताच माणूस असता तर? किंवा शेवटपर्यंत कळलंच नसतं तर? त्या सिनेमाला हिंमत लागली असती. पनाहीला शेवटी प्रेक्षकाला घरी जाताना हातात काहीतरी द्यायचं होतं.

शिवाय तो भाग नाटकासारखा वाटतो. एक बांधलेला, दोन उभे, आळीपाळीनं भाषणं.

अनवट

@टवाळ, भाषणांबद्दल थोडा सहमत. कबुलीबद्दल अजिबात नाही.

ती कबुली कुठल्या परिस्थितीत येते ते परत आठवा. हात बांधलेले, डोळ्यांवर पट्टी, पुढे मरण, घरच्यांचं काय झालंय ते ठाऊक नाही, आणि समोरचे दोघे सांगताहेत की बोल, तूच तो. इक्बाल आयुष्यभर दुसऱ्यांकडून कबुल्या काढत आला त्या अशाच. अशा कबुल्यांची किंमत वाहिदला आणि शिवाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? आत असताना त्यांनीही कशाकशावर सह्या केल्या असतील.

तेव्हा शंका मिटली असं तुम्ही म्हणता ते कशाच्या जोरावर? आपण प्रेक्षक म्हणून ती कबुली गिळतो, कारण आपल्याला ती हवी असते. मला ते दृश्य बघताना बरं वाटलं आणि लगेच अस्वस्थही, की मी नेमकं कशावर विश्वास ठेवतोय.

कलम_दर_कलम

अनवट, नेमकं बोललात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे आपल्या पुरावा कायद्याचं जुनं २५ वं कलम. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ व्यात गेलंय. अपवाद एवढाच की त्या जबाबामुळे एखादी वस्तू, एखादी गोष्ट नव्यानं हाती लागली, तर तेवढा भाग चालतो. म्हणजे कोर्ट विचारतं, की आरोपीनं असं काय सांगितलं जे विचारणाऱ्याला आधी ठाऊक नव्हतं आणि जे पडताळून बघता येतं?

झाडाखालच्या दृश्याला ही कसोटी लावायला हवी. शिवा आणि वाहिद संतापाच्या भरात स्वतःच किती तपशील बोलून जातात, आणि त्याच्या तोंडून नवं काय येतं? माझं उत्तर मी राखून ठेवते.

मराठीबाणा_७७

एवढं सगळं इराणविरोधी असलं की कान काय नि ऑस्कर काय, पायघड्या घालणारच. पाश्चात्त्यांना हेच आवडतं. अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगावर काढा म्हणावं असा सिनेमा.

नीरजा_म

@मराठीबाणा_७७, ग्वांतानामोवर आणि अबू गरीबवर भरपूर काम झालंय, शोधलंत तर सापडेल. आणि हा माणूस पॅरिसमधे बसून सिनेमा काढत नाहीये. कानहून बक्षीस घेऊन तो सरळ तेहरानला परतला. डिसेंबर २०२५ मधे तो पुरस्कारांसाठी अमेरिकेत असताना इराणच्या कोर्टानं त्याच्या गैरहजेरीत आणखी एक वर्ष कैद आणि दोन वर्षं प्रवासबंदी सुनावली. तरी आपण परत जाणार असं तो म्हणाला. वर उल्लेख आलेले महमूदियन तर ऑस्करची नामांकनं जाहीर झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा पकडले गेले.

सिनेमातल्या बायकांचे केस उघडे दिसतात तेही बघा. पनाही एविनमधे होता तेव्हाच, सप्टेंबर २०२२ मधे, हिजाबच्या कारणावरून पकडलेल्या माहसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला आणि बाहेर रस्ते पेटले. तो आत गेला तेव्हाचं शहर आणि सुटला तेव्हाचं शहर यात फरक पडला होता. शिवा डोकं न झाकता कॅमेरा लावून काम करते त्यावर सिनेमात कुणी भाषण देत नाही.

पणजीकर

धागा वाचतोय कालपासून. गोव्याची एक गोष्ट इथे बसते म्हणून लिहितो.

पोर्तुगीज काळात, पन्नाशीच्या दशकात, गोवा पोलिसांत कासिमिरो मोंतेरो नावाचा एक इसम होता. गोव्यातच जन्मलेला. स्वातंत्र्यसैनिकांना मारझोड करण्यात त्याचं नाव एवढं होतं की आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं ते नाव घेताना आवाज खाली आणायची. त्यानं पट्टी वगैरे भानगड ठेवली नव्हती. त्याला स्वतःला ओळखलं जावं असंच वाटत असावं. लोक नुसत्या नावानं घाबरले की अर्धं काम झालं.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मोंतेरो तोवर निसटला होता. पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत, पिडेमधे, काम करू लागला. १३ फेब्रुवारी १९६५ ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो याला फसवून स्पेनच्या सरहद्दीजवळ बोलावलं आणि ठार मारलं. ते मारणाऱ्या टोळीत हा होता. १९७४ साली लिस्बनची हुकूमशाही कोसळली, देल्गादोच्या खुनाचा खटला चालला, हा हजरच नव्हता. शिक्षा गैरहजेरीत झाली. पुढचं आयुष्य त्यानं दक्षिण आफ्रिकेत काढलं.

गोव्यातल्या छळासाठी त्याला कुणी कधी कोर्टात उभं केलं नाही. नाव, गाव, चेहरा सगळं ठाऊक असून. त्यामुळे 'चेहरा ठाऊक असता तर न्याय मिळाला असता' असं जे वर एक-दोघांच्या बोलण्यात आलंय ते मला तितकंसं पटत नाही. गोव्यासाठी लढलेल्या मोहन रानड्यांचंच बघा. १९५५ साली पकडले गेले, गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या काशियस तुरुंगातच. सुटले जानेवारी १९६९ मधे. त्यांच्यासाठी इकडे सुधीर फडक्यांनी धावाधाव केली, तमिळनाडूचे नेते अण्णादुराई यांनी पोपना गळ घातली. त्यांची सुटका व्हावी म्हणून एवढी माणसं झटली. त्यांना आत टाकणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून किती जण झटले?

भाऊ_कुलकर्णी

पणजीकर, उत्तम.

आणीबाणीत आमचे मामा मिसाखाली महाराष्ट्रातल्याच एका तुरुंगात होते. आपल्याकडच्या बऱ्याच मिसाबंदींना मारहाण अशी झाली नाही. तुरुंगात व्याख्यानं, बुद्धिबळ, वाद चालायचे. जेलरचा चेहरा, नाव, त्याच्या मुलाचे दहावीचे मार्क, सगळं ठाऊक. पुढे एका लग्नात पंगतीला जेलरसाहेब मामांच्या शेजारीच बसले होते, दोघांनी एकमेकांना जिलबीचा आग्रह केला. मामा ही गोष्ट रंगवून सांगायचे.

पण सगळ्या देशात असं नव्हतं. केरळमधे राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला मार्च १९७६ मधे कॉलेजच्या वसतिगृहातून उचललं, कक्कायमच्या पोलीस छावणीत त्याचा अंत झाला. त्याचं प्रेतही मिळालं नाही. त्याचे वडील ईचर वारियर यांनी आणीबाणी उठल्यावर हायकोर्टात धाव घेतली आणि त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. म्हातारा पुढे आयुष्यभर विचारत राहिला, माझ्या मुलाचं काय केलंत?

भारतानं १९९७ साली छळाविरोधातल्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, अजून मंजुरी दिलेली नाही. मराठीबाणा, तेव्हा इराणला नावं ठेवताना मी जरा हात आखडता घेतो. सिनेमा मात्र इराणच्याच लोकांनी काढलाय, त्यांना तो अधिकार आहे.

सुगरण

मी शीर्षक वाचून आले आणि धडाधड वाचत सुटले. सूचना दिली होती हे खरं, पण शेवट समजून गेला ना आता! :(

मुक्काम_स्टॉकहोम

@सुगरण, अगदी शेवटचं दृश्य अजून कुणी सांगितलेलंच नाही, निर्धास्त बघा. झाडाखालच्या दृश्यानंतरही सिनेमा आहे.

@पणजीकर, मोंतेरोबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आभार. चेहऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण बर्लिनचं एक प्रकरण दुसऱ्या बाजूचं. अन्वर अल-बुन्नी या सीरियन वकिलाला २००६ साली दमास्कसमधे पकडणारा गुप्तचर अधिकारी अन्वर रसलान. २०१४ साली दोघेही निर्वासित म्हणून बर्लिनला आले आणि एकाच निर्वासित वसतिगृहात समोरासमोर पडले. बुन्नींना याला कुठेतरी पाहिलंय एवढंच वाटलं, नाव नंतर आठवलं. पुढे रसलानच बर्लिनच्या पोलिसांकडे गेला, की माझा कुणीतरी पाठलाग करतंय, संरक्षण द्या. तिथे त्यानं स्वतःच्या सह्या करून आपली जुनी नोकरी सांगितली! त्याला वाटत होतं आपण तर नुसते अधिकारी होतो. जानेवारी २०२२ मधे जर्मनीतल्याच कोब्लेन्झच्या न्यायालयानं कैद्यांच्या छळाबद्दल जन्मठेप दिली. बुन्नी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे होते.

यात राजवट पडायची वाट बघावी लागली नाही. सीरियाचा असद तेव्हा गादीवरच होता.

नीरजा_म

एक राहिलं. झाडाखाली शिवा त्याच्याकडे काय मागते? त्यानं मरावं असं नाही, तुरुंगात जावं असंही नाही. केलंस ते कबूल कर आणि माफी माग. वर सगळे शिक्षेबद्दल बोलताहेत, आणि तिला शिक्षेची फारशी पडलेलीच नाही. नूरीच्या खटल्यात साक्षीदारांना निदान नव्वद दिवस कुणीतरी ऐकून घेतलं, त्यांचं म्हणणं कोर्टाच्या कागदावर चढलं. अदलाबदलीत माणूस गेला, निकालपत्र तर राहिलं ना? शिवाच्या हाती तेही नाही, म्हणून ती त्याच्याच तोंडून ऐकायला बघते. टवाळ, तुम्हाला ती भाषणं वाटली. मला वाटतं तिला हे बोलायला दुसरी जागाच नव्हती.

टवाळ

@नीरजा_म, हे पटण्यासारखं आहे, पण मग तेवढ्यासाठी त्याची कबुली खरी असायला हवी, आणि अनवट म्हणतात ती खरी धरू नका. तुम्ही दोघं आधी आपसात मिटवा!

माझं मत अजून तेच आहे, पनाहीनं शंका सोडवायला नको होती. पण कलम_दर_कलम यांची कसोटी डोक्यात बसलीय. परत बघणार आहे, या वेळी वही घेऊन. झाडाखाली कुठला तपशील आधी कुणाच्या तोंडून येतो, शिवाच्या, वाहिदच्या की त्याच्या, तेवढंच टिपायचं. सीरिया आणि पाय हे तो आपणहून सांगतो की आधी व्हॅनमधे कुणी त्याच्या कानावर पडेल असं बोललेलं असतं, ते मला आत्ता आठवत नाहीये. पेटीत पडलेला माणूस दर वेळी बेशुद्धच असतो हेही कुणी तपासलेलं नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनीही बघा, इथे ताळा करू.